फोक्रास नदी ओलांडत नाही

जेठ ८
वर, कुठेतरी

मामा,

पत्राच्या डोक्यावर गावाचं नाव नाही म्हणून लगेच भुवया चढवू नका. का नाही ते सांगतो, पण आधी जळवांचं. खालच्या रानात एका दिवसात माझ्या उजव्या पायावर एकोणीस. डाव्यावरच्या मोजल्या नाहीत. मोजायचं काम दिवसभर करतोच, पाय धुतानाही तेच कशाला.

तर काम लागलंय. पोखऱ्यात घड्याळाच्या दुकानात टिकलो नाही, बसवर टिकलो नाही, ते तुम्हाला माहीतच आहे. आता जनावरं मोजणाऱ्या एका तुकडीबरोबर फिरतो. डोंगराचे आडवे पट्टे पाडलेत आणि कुठल्या पट्ट्यात कोण राहतं, किती राहतं, ते लिहायचं. मुख्य बाई काठमांडूच्या. सगळे त्यांना डॉक्टरबाई म्हणतात, पण कुणाला ताप आला की त्याच आधी घाबरतात. पहिल्या दिवशी विचारलं, "शिक्षण?" म्हटलं, आठवी नापास. "मग इथे करणार काय?" तेवढ्यात झाडीत कुणीतरी ओरडलं. म्हटलं, हा फोक्रास पक्षी, नर आहे, आता आणखी दोघं उत्तर देतील. तिघांनी दिलं. बाई म्हणाल्या, "हे कुठे शिकलास?" म्हटलं, मामाकडे, डोळ्यांवर पटका बांधून.

आठवतं ना? खांद्यावर बसवून रानात न्यायचात, पटका बांधायचात आणि विचारायचात, सांग कुठे आहोत. मी ऐकून, हुंगून सांगायचो. चुकलो की कान, जमलं की सुकं जर्दाळू. आई गेल्यावर मी घरात रडत बसू नये म्हणून तुम्ही काढलेला खेळ होता तो, हे मला फार उशिरा कळलं.

आता नावाचं. इथे गौसरी बजै, म्हणजे गौसरी आजी, म्हणून मगर जमातीची एक म्हातारी आहे. साठीच्या पुढची. चौऱ्या, म्हणजे याकाच्या जातीच्या गाई, घेऊन एकटीच गोठावर, डोंगरावरच्या कुरणातल्या झोपडीत, राहते. तिच्या गोठामागच्या रानात कस्तुरीमृग आहेत. मामा, आमच्या सगळ्या पट्ट्यांत मिळून चार दिसले होते, इथे एका सकाळी सहा. वीस वर्षं बजैनं कुत्री बांधून ठेवलीत, आणि पोटच्या मुलांनाही तिनं सांगितलेलं नाही. मला दाखवण्याआधी चुलीच्या लोखंडी तिवईवर हात ठेवायला लावला, जिभेवर मीठ ठेवलं आणि म्हणाली, "या जागेचं नाव तुझ्या तोंडातून नाहीतर बोटांतून निघालं, तर हे मीठ तुला जाब विचारील." म्हणून नाव नाही. डॉक्टरबाईंच्या वहीतसुद्धा नुसता आकडा आहे.

नाव सोडून बाकी सगळं सांगायला मी मोकळा आहे. पहाटे फोक्रास, उन्हं वर आली की रंगीत पिसांचे डांफे, संध्याकाळी नाउरांचा, रानमेंढ्यांचा, कळप खारी माती चाटायला उतरतो. भुर्जाच्या झाडांच्या वरच्या कड्यावर एक घोरल, रानबकरा, पाहिला. आणि कस्तुरी हागायला रोज ठरल्या जागी जातात असं तुम्ही म्हणायचात, ते खरं निघालं. अशा अकरा जागा सापडल्या. एकीपासून दुसरीपर्यंत अशी पायवाट, जणू माणसानं पाडलेली.

दसैंला, म्हणजे दसऱ्याला, येईन. आपल्या रीतीनं मामानं भाच्याच्या पाया पडायचं, पण तुम्ही टिका लावून माझ्या पायांवर डोकं टेकता तेव्हा मला गुदगुल्या होतात, यंदा हसणार नाही.

हिक्मत


जेठ २७
बेनी बाजार

भांजाबाबू, तुझ्या पायांना ढोग, डोकं टेकतो. उजव्याला दुरूनच.

पत्र चार वेळा वाचलं. तीनदा मनात आणि एकदा मोठ्यानं, कारण धनवीर आला होता. पाय धड होता तेव्हा ज्याच्याबरोबर शिकारीला जायचो तोच. आता रोज चहाला येऊन बसतो आणि दूध कमी आहे म्हणून माझं डोकं खातो. "तुझा भाचा लिहितो की बडबडतो?" म्हणाला. म्हटलं, मला दोन्ही चालतं.

शेजारच्या शर्माजींचा मुलगा दिल्लीहून लिहितो: मी बरा आहे, थंडी आहे, जेवण वेळेवर होतं, तब्येत सांभाळा. म्हातारा तो कागद उलटून मागे काही लिहिलंय का ते बघतो. तसलं पत्र परक्याला लिहावं. मला कधी लिहू नकोस.

आता चूक. भुर्जांच्या वर घोरल नसतो, गाढवा. ते झारलाचं, उंचावरच्या रानबकऱ्याचं, पिल्लू असणार. तुझ्यासारखा घरदार सोडून भटकत नाही घोरल. कान पिळलाय असं समज. आणि फोक्रास ऐकलास म्हणजे काली नदीच्या अलीकडे, मावळतीच्या अंगाला आहेस, हे शर्माजींच्या म्हशीलाही कळेल. फोक्रास नदी ओलांडत नाही. पंख असून नाही. का ते मला विचारू नकोस, तुझ्या डॉक्टरबाईंना विचार.

पुढे सांग. आता पटका मी बांधलाय. बारीक बांबू तिथवर येतो की खालीच संपतो? दव कधी सुकतं? नाउर आणि भुर्ज एकाच जागी उभं राहून दिसतात का? नाव नको. मीठ खाल्लंयस. मला फक्त फिरव. कड्यावरून पडल्यापासून हा पाय दुकानाचा उंबरा ओलांडत नाही, तुझ्या पत्रातून तेवढा चालतो.

नरध्वज मामा


असार १८
तिथेच

मामा,

झारलाचं पिल्लूच होतं. डॉक्टरबाईंनी फोटो धुऊन आणला. त्या म्हणाल्या, "तुझ्या मामांनाच पगार द्यायला हवा." फोक्रासाचंही विचारलं. त्या म्हणाल्या, खोल दऱ्या आणि मोठ्या नद्या कित्येक जनावरांना भिंतीसारख्या असतात, अलीकडचे वेगळे, पलीकडचे वेगळे. म्हणजे तुम्हाला माहीत होतं तेच, फक्त अर्धा तास लागला.

बांबू खालीच संपतो, गोठाच्या एक दिवस आधी. दव मात्र जेवायची वेळ झाली तरी गवतावर असतं, मोजे वाळतच नाहीत. मोज्यांवरून आठवलं, बिनशेपटीचा तो सशासारखा उंदीर असतो ना, त्यानं माझा एक मोजा ओढून बिळात नेला. मी बिळापाशी पोटावर झोपून तासभर त्याच्याशी बोललो. तो गवत वाळवून ठेवत होता, माझा मोजा त्याच्या गंजीत बेगमीला गेला. हो, नाउर आणि भुर्ज एकाच जागेवरून दिसतात. बजैच्या दाराशी बसलं की डावीकडे नाउर, उजवीकडे भुर्ज.

बजै काल म्हणाली, "एवढं कुणाला लिहितोस? बायकोला?"

"मामाला."

"मामाला? माझी मुलं मला मीठ संपलं का एवढंही विचारत नाहीत. चांगला दिसतोय तुझा मामा."

"कान फार पिळतो."

"मग चांगलाच."

तिनं तुमच्यासाठी छुर्पी, चौरीच्या ताकाची वाळवलेली वडी, दिली आहे. पत्र नेणाऱ्याकडेच पाठवतोय. दगडासारखी आहे, उरलेले दात सांभाळून खा.

पावसाभर आम्ही दुसऱ्या पट्ट्यांत जाणार. असोजात परत इथे.

हिक्मत


भदौ ३०
बेनी बाजार

भांजाबाबू,

छुर्पी मिळाली. फळीवर ठेवली आहे. अजून फोडली नाही.

दुकानावर नवा पत्रा घातला. यंदा गळलं नाही. पाऊस मात्र त्यावर फार वाजतो, झोप लागत नाही.

तुझ्या या पत्रात चूक नव्हती. दसैंला ये. लवकर ये. असोजात तिकडे जायचं काही अडलेलं नाही. काम सोडून ये, ती तर तुझी सवयच आहे.

नरध्वज मामा


असोज २९
गोठाच्या खाली

मामा,

दसैंला येऊ शकलो नाही. टिका कुणाला लावलात?

मला नीट लिहिता येत नाही आहे. आम्ही वर पोचलो तेव्हा फोक्रास ओरडत नव्हता. मी म्हटलं, ऋतू संपला असेल. मग वास आला. कस्तुरींच्या वाटेवर फांद्यांचं कुंपण घातलं होतं, लांबच लांब, आणि थोड्याथोड्या अंतरावर फट. प्रत्येक फटीत तारेचा फास. अकराच्या अकरा जागांवर, मामा. शोधत शोधत लावलेले नव्हते, सरळ चालत येऊन लावलेले.

सात मेले. नर दोनच. त्या दोघांच्या कस्तुरीच्या गाठी कापून नेल्या. माद्यांमध्ये गाठ नसते, म्हणून त्या तशाच लटकत होत्या. एका मादीपाशी पिल्लू होतं, ते फासात नव्हतं, नुसतं तिच्याजवळ बसून मेलं होतं. एक डांफेसुद्धा होता. डॉक्टरबाई लिहीत होत्या, मग त्यांनी वही मिटली.

बजै दारात होती. तिनं एवढंच विचारलं, "नाव घेतलंस?"

म्हटलं, नाही, बजै, तिवईवर पुन्हा हात ठेवतो.

"ठेवू नकोस. आता चूल विझलेली आहे." आणि आत गेली. माझ्यासाठी ताक काढलेलं होतं, ते तिनं वासरापुढे ओतलं.

मी नाव घेतलं नाही. झोपेतही नाही. मग कोण? तुम्हीच सांगा. तुम्हाला डोंगर कळतो, शिकारी कसा विचार करतो तेही कळतं. मला तुमच्याशिवाय विचारायला कुणी नाही.

हिक्मत


कात्तिक ११
बेनी बाजार

भांजाबाबू,

टिका कुणाला लावली नाही. अक्षता वाटीतच वाळल्या.

मन घट्ट कर. शिकारी कुत्र्यासारखा असतो, त्याला कुणी सांगावं लागत नाही. तुमच्यातल्याच कुणाची जीभ सैल झाली असेल. सामान वाहणारा तो पदम गावोगाव दारू पीत फिरतो असं ऐकलंय. आडव्या पडलेल्या त्या भुर्जापासून कुंपण घालायला घेतलं म्हणजे माणसं वरच्या बाजूनं आली, आणि वरची वाट तुमच्या हमालांनाच माहीत. बजैला सांग, म्हणावं, तू खाल्ल्या मिठाला जागलास.

तू खाली ये. ते काम पुरे.

नरध्वज मामा


मंसिर ५
नव्या जागी

मामा,

तुमचं पत्र वाचून बरं वाटलं. पदमशी मी तीन दिवस बोललोच नाही.

आता आनंदाची बातमी. आम्ही नवा पट्टा घेतलाय. कालीचा आवाज इथे मावळतीकडून येतो. खाली मक्याच्या शेतांत लालतोंडी माकडं, मग ओक, मग बारीक बांबूचं दाट रान, त्यात तांबड्या पांड्याची विष्ठा. त्याच्यावर एक बोडकी धार, वर दगडांचा पडका कोंडवाडा आणि दोन तळी, एक भरलेलं, एक सुकं. काल सकाळी त्या धारेवर माझ्या पायाशी फोक्रासाची जोडी उडाली. आणि मामा, सुक्या तळ्याच्या काठानं कस्तुरींच्या हागायच्या नऊ जागा, सगळ्या ताज्या. इथे कुणी बजै नाही, कुणी राखणारं नाही. तुकडी पुसात खाली उतरणार, मग फागुनापर्यंत इकडे चिटपाखरू नसेल.

माझं काही चुकलं असेल तर कान पिळा.

हिक्मत


मंसिर २८
बेनी बाजार

भांजाबाबू,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. चूक काही सापडली नाही.

थंडीत अंग झाकून राहा.

नरध्वज मामा


माघ १०

मामा,

मी त्या धारेवर परत जाऊन आलो.

आधी भुर्जाचं सांगतो. बजैच्या रानात झऱ्यावर एक भुर्ज आडवा पडलाय आणि कुंपण तिथूनच सुरू होत होतं. पण ते मी तुम्हाला लिहिलंच नव्हतं. मी सगळं लिहितो, मोजा चोरणारा उंदीरसुद्धा लिहितो, पण त्या दिवशी माझ्याच्यानं लिहवलं नाही. मग तुम्हाला कुणी सांगितलं? ज्यानं ते कुंपण घातलं त्यानंच ना? तुमचं पत्र मी आठ दिवस खिशात घेऊन हिंडलो, आणि रोज पदमवर विश्वास ठेवू नये म्हणून स्वतःशी भांडलो. मग नवी जागा लिहून पाठवली.

त्या धारेवर कस्तुरी नाही. कधीच नव्हता. नऊ जागा मी पाटावर बसून घडवल्या. आणि फोक्रासही नाही, कारण कालीचा आवाज मावळतीकडून येतो म्हणजे ती जागा नदीपलीकडे, आणि फोक्रास नदी ओलांडत नाही. हे मला कुणी शिकवलं? मी देवाला म्हटलं, मामाचं उत्तर येऊ दे, गाढवा, कालीपलीकडे फोक्रास कुठला. तेवढं आलं असतं तर मी धावत खाली आलो असतो आणि स्वतःचा कान स्वतः पिळला असता. तुम्ही लिहिलंत, चूक सापडली नाही.

सुक्या तळ्याकाठी नऊ फास आहेत. तारेचे नाहीत, अल्लोच्या वाखाच्या दोरीचे. अल्लोला अशी दुहेरी उलटी गाठ मारणारा एकच माणूस मला माहीत आहे, त्यानंच मला लहानपणी बुटाची नाडी तशी बांधायला शिकवली. पाय उंबरा ओलांडत नाही म्हणत होतात ना, मामा?

एक मात्र मला कळलं नाही. नऊच्या नऊ फास आवळून बंद केलेले होते. त्यात बोटही गेलं नसतं. असं का, ते तुमचं तुम्हाला माहीत.

बजैकडेही गेलो होतो. म्हटलं, नाव नाही घेतलं, पण पाखरांनी, दवानं, बांबूनं सगळं सांगितलं, आणि त्यांना बोलायला लावलं ते मी. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "मामा चांगला दिसतोय, असं मीच म्हणाले होते ना?" मग म्हणाली, "छुर्पी खाल्ली का त्यानं?"

नंतर तिनं मला रानात नेलं. तिथे काय दिसलं ते लिहीत नाही.

हिक्मत


माघ २६
बेनी बाजार

हिक्मत,

पायांना ढोग लिहायला हात धजत नाही.

फोक्रास मला पहिल्याच वाचनात दिसला. तू माझ्यासाठी कुंपण घातलं होतंस, एकच फट ठेवून. जनावर आपण होऊन फटीत येतं, तेही मीच शिकवलेलं. "गाढवा" असं लिहिलं असतं तर सुटलो असतो. कागद घेऊन बसलोही होतो. पण मग तू धावत आला असतास, माझ्यासमोर पाय ठेवले असतेस, आणि मी त्यांवर डोकं टेकलं असतं. ते जमलं नसतं. तोंडानं कबूल करणंही जमत नव्हतं. म्हणून गेलो. लोक तीन दिवसांत जातात, मला नऊ लागले. फास बंद ठेवले, म्हणजे तुला कळावं की हा शिकारीला आला नव्हता.

खरं काय झालं ते ऐक. तुझं असारचं पत्र मी दुकानात मोठ्यानं वाचलं. धनवीर म्हणाला, "नाव नाही, मग जागा कशी कळणार?" मी म्हटलं, मला नावाची गरज नाही. फोक्रास म्हणजे नदीच्या अलीकडे. बांबू नाही म्हणजे अमक्या उंचीच्या वर. नाउर आणि भुर्ज एका नजरेत मावतात अशा जागा तीन. दव जेवणापर्यंत टिकतं म्हणजे उत्तरेचा उतार, मग एकच उरते. आणि बोटानं टेबलावर चहाच्या ओघळात काढून दाखवली. पाच वर्षं मी चहावाला लंगडा होतो, त्या दिवशी सगळे माझ्याकडे बघत होते. धनवीरनं चहाचा घोट घेतला नाही, तेव्हाच मला कळायला हवं होतं. कळलंच होतं. पंधरा दिवसांनी त्यानं पत्रे आणून टाकले. मी विचारलं नाही कशाबद्दल. वर चढून त्यानंच ठोकले, मी खालून खिळे देत होतो.

तू येऊ नयेस म्हणून काम सोड लिहिलं. निदान तुझ्या डोळ्यांना ते दिसू नये एवढंच वाटलं. पदमचं नाव घेतलं ते सगळ्यात वाईट, ते घाबरून घेतलं.

तो पत्रा उतरवला आहे. छुर्पी अजून फळीवरच आहे.

शिव्या दे. येऊ नकोस. पण लिही. आज सकाळी कुठलं पाखरू ओरडलं एवढंच लिही. तेही चुकीचं लिहिलंस तरी चालेल.

नरध्वज


फागुन १४

मामा,

पत्र मिळालं. मी बरा आहे. इथे थंडी आहे. जेवण वेळेवर होतं. पायाला तेल लावत जा. तब्येत सांभाळा.

हिक्मत